बतादच्या भातखाचरांत चार दिवस

फिलिपिन्सची राजधानी मनिलाहून रात्रीच्या बसने निघालो आणि सकाळी बनावेला उतरलो. साधारण साडेतीनशे किलोमीटर, नऊ-दहा तास. बसमधला एसी फार कडक असतो. स्वेटर आणि कानटोपी हातातल्या पिशवीत ठेवा. माझी बॅग डिकीत गेली होती, त्यामुळे मी रात्रभर कुडकुडलो.

आमची मावळात भातशेती आहे. लुझोन बेटाच्या उत्तरेला, इफुगाओ प्रांतात, डोंगर उतरंडीसारखा कोरून त्यावर भात पिकवतात हे वाचलं होतं, ते बघायचंच होतं. युनेस्कोने १९९५ साली इथल्या पाच ठिकाणांना जागतिक वारसा ठरवलं: बताद, बंगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नगाकादान. बनावे गावाजवळचं फोटोंतलं प्रसिद्ध दृश्य या यादीत नाही. बरेच लोक तेवढंच बघून परत फिरतात. तुम्ही तसं करू नका, बतादला जाच.

बनावेहून जीपनी (जीपसारखी लांब वडाप गाडी) किंवा ट्रायसिकल (बाजूला बैठक जोडलेली मोटारसायकल) मिळते. रस्ता संपला की पुढे पायवाट. वळण घेतलं आणि समोर अर्धगोल डोंगर उभा राहिला, तळापासून माथ्यापर्यंत खाचरंच खाचरं. इथले बांध दगडाचे आहेत, रचलेले, काही माझ्या डोक्यापेक्षा उंच. आमच्याकडे गुडघाभर मातीचा बांध पावसात फुटला तर दोन दिवस जातात, त्यामुळे मी बराच वेळ त्या दगडांकडेच बघत उभा राहिलो.

मी जूनच्या शेवटी गेलो, कापणीला. इथल्या पारंपरिक भाताला तिनावोन म्हणतात, म्हणजे वर्षातून एकदा येणारा. थंडीत तो सावकाश वाढतो. एका खाचरात एक आजी कापत होती. विळ्याने चूड धरून सपासप कापणं नाही; मुठीत मावेल एवढ्या पात्याने एकेक लोंबी देठासकट तोडायची, डाव्या हातात जमवायची आणि बांबूच्या सालीने जुडी बांधायची. वाटाड्याने तिची परवानगी घेतली तेव्हा मीही हात लावला. ती माझ्या हातातली लोंबी परत घेऊन देठ कुठे तोडायचा ते बोटाने दाखवत होती, कारण देठ आखूड राहिला तर जुडी बांधता येत नाही. बियाणं कोणतं ठेवायचं हेही पूर्वापार बायकाच ठरवतात.

खाचरांच्या वरचं रान मात्र नीट बघा. त्याला मुयोंग म्हणतात. आपली देवराई आठवते, पण देवराई देवाची आणि मुयोंग घराचं. पाणी तिथे मुरतं आणि तिथूनच पाटाने एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं. सरपण आणि घराची लाकडंही तिथलीच. रान गेलं तर खाचर कोरडं पडतं. परंपरेने खाचर आणि मुयोंग थोरल्या अपत्याकडे जातं, तुकडे पडत नाहीत. वाटण्यांनी झालेले आमच्या गावचे तुकडे बघता मला हे फार महत्त्वाचं वाटलं. धाकट्यांना मात्र बाहेर पडावं लागतं आणि आता थोरलेही शहरात जातात. मग बांध दुरुस्त करायला हात उरत नाहीत. २००१ ते २०१२ ही खाचरं युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांत होती. भरीला खाण्यासाठी म्हणून १९८०च्या दशकात देशात आणलेली सोनेरी गोगलगाय कोवळी रोपं फस्त करते. बायका ती हाताने वेचतात.

ही खाचरं दोन हजार वर्षांची असं सगळीकडे सांगतात. इफुगाओतल्याच जुन्या किआंगन गावाच्या उत्खननावरून काही पुरातत्त्वज्ञ चारेकशे वर्षं म्हणतात, स्पॅनिश आल्यानंतरची. माझ्या मते त्याने त्यांचं मोल तसूभरही कमी होत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. वाटाड्या गावातलाच घ्या आणि पैसे ठरवूनच निघा. बांध हीच वाट आहे, अरुंद आणि शेवाळलेली. पकड असलेले बूट हवेत. समोरून भारा घेऊन कोणी आलं तर तुम्ही थांबा, त्यांना जाऊ द्या. बांधाचा दगड निसटला तर वाटाड्याला लगेच सांगा. रोख पेसो मनिलातूनच न्या. शाकाहारी असाल तर मुक्कामाच्या घरी पोचल्या पोचल्या सांगा; भात, अंडी, भाजी मिळते. पिकलेला तिनावोन बऱ्याच घरांना वर्षभर पुरत नाही, म्हणून ताटात सखल भागातला विकतचा तांदूळ येऊ शकतो. तिनावोन हवा असेल तर मागा आणि त्याची वेगळी किंमत द्या. सुपारी-पान पुढे केलं तर नाकारू नका, आपल्यासारखाच तो मान असतो. बुलुल म्हणजे भाताची राखण करणारी लाकडी मूर्ती. जुनी कोणी विकायला आणली तर घेऊ नका, नवी कोरलेली घ्या.

हिरवीगार खाचरं हवी असतील तर एप्रिल-मे, पाण्याने भरलेली आणि लावणी हवी असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. मी पुढच्या वेळी लावणीलाच जाणार आहे. त्या आजीने वाटाड्यातर्फे विचारलं होतं, तुमच्याकडे रोप किती बोटं अंतरावर लावता?