तुम्ही विचारलंत म्हणून : स्नायूंची झीज आणि कॅन्सर एकाच प्रबंधात कसे?

पीएचडीचा विषय सांगितला की बहुतेक जण विचारतात, स्नायू झिजवणारे आनुवंशिक आजार आणि कॅन्सर यांचा एकमेकांशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे, कारण पहिल्यात पेशी मरतात, तर दुसऱ्यात त्या बेसुमार वाढतात. तरीही काही वेळा दोन्हींच्या मुळाशी एकच जनुक सापडते आणि माझे काम त्याच जनुकांवर चालते.

सर्वांत परिचित उदाहरण ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. या जनुकापासून बनणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन १९८७ मध्ये ओळखले गेले. ते स्नायूतंतूच्या आतल्या सांगाड्याला बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवते. ते नसले की आकुंचनाच्या ताणाने आवरणाला इजा होत राहते. निरोगी स्नायूचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर प्रत्येक तंतूभोवती डिस्ट्रॉफिनचे चमकते कडे दिसते आणि केंद्रके तंतूच्या काठाला असतात. हे प्रथिन नसलेल्या उंदराच्या स्नायूत ती कडी जवळपास नाहीशी झालेली असतात आणि कितीतरी तंतूंची केंद्रके मधोमध आलेली असतात. केंद्रक मधोमध असणे ही तो तंतू मोडून पुन्हा घडल्याची खूण होय. हे चित्र मला आजही अस्वस्थ करते, कारण त्यात झिजेइतकीच दुरुस्तीची धडपडही दिसते.

या दुरुस्तीसाठी स्नायूतील मूळपेशींना पुन्हा पुन्हा विभाजित व्हावे लागते, आणि जिथे विभाजन अखंड चालते तिथे चुकांनाही वाव मिळतो. अशा उंदरांना उतारवयात स्नायूंचा कॅन्सर होतो, असे २००७ मध्ये दिसून आले. पुढे २०१४ मध्ये माणसांतील स्नायूसदृश सार्कोमांमध्ये (सार्कोमा म्हणजे स्नायू, हाडे यांसारख्या ऊतींचा कॅन्सर), तेही ज्यांना जन्मजात स्नायूविकार नाही अशा रुग्णांच्या गाठींमध्ये, याच जनुकाचे तुकडे गळालेले आढळले. म्हणजे तंतूला सांधून ठेवणारे हे प्रथिन अशा गाठींच्या पसरण्यालाही लगाम घालते.

चेहरा, खांदे आणि दंड यांचे स्नायू झिजवणाऱ्या आजारातील डक्स४ हे जनुक मला याहूनही विलक्षण वाटते. ते गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत थोडा वेळ जागे असते आणि नंतर बहुतेक ऊतींमध्ये मूक होते. ते स्नायूत पुन्हा जागे झाले की पेशी मरतात. कित्येक कॅन्सरमध्ये मात्र तेच गाठीला रोगप्रतिकारक यंत्रणेच्या नजरेआड राहायला मदत करते.

हे ऐकून आईवडील लगेच विचारतात, “मग आमच्या मुलालाही कॅन्सर होईल का?” ड्युशेन झालेल्या मुलांमध्ये अशा गाठींच्या नोंदी फार थोड्या आहेत आणि त्यांच्या आयुष्याच्या दृष्टीने हृदय व श्वसन यांची नियमित तपासणी कितीतरी अधिक महत्त्वाची आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आणखी एका आनुवंशिक आजाराच्या रुग्णांबाबत मात्र उत्तर वेगळे आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमधील नोंदींच्या २०११ च्या अभ्यासात त्यांच्यात गर्भाशयाचे अस्तर, मेंदू, अंडाशय आणि मोठे आतडे यांच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला. त्यामुळे अशा रुग्णाने अनियमित रक्तस्राव किंवा पोटाच्या बदललेल्या तक्रारी ‘मूळ आजाराचाच भाग’ म्हणून सोडून देऊ नयेत आणि डॉक्टरांनीही त्या तशा सोडू नयेत.