४६ चे ९२ होतात की नाही?

भाचीची बारावी चालू आहे, नागपूरच्या या उन्हात कूलरसमोर बसून एकच प्रश्न, मामा डीएनए डबल झाला तर क्रोमोसोम (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या, गुणसूत्रं) ४६ चे ९२ काहून नाही होत?

तर बघा, मोजणी सेंट्रोमियरची, म्हणजे क्रोमोसोमवरच्या चिमटीसारख्या जागेची असते. डीएनएची कॉपी झाली तरी दोन्ही क्रोमॅटिड (म्हणजे त्या दोन सारख्या कॉपी) एकाच सेंट्रोमियरपाशी चिकटलेले असतात, म्हणून आकडा ४६ च. मायटोसिसच्या (साध्या पेशीविभाजनाच्या) अॅनाफेज नावाच्या टप्प्यात ते सुटतात तेव्हा थोडा वेळ खरंच ९२ होतात, मग पेशी दुभंगली की इकडे ४६ अन् तिकडे ४६.

मियोसिसमध्ये (प्रजननाच्या पेशी बनवणाऱ्या, दोन फेऱ्यांच्या विभाजनात) खरी गंमत पहिल्याच फेरीत आहे, तिथे क्रोमॅटिड सुटतच नाहीत, आईकडून आलेला अन् बापाकडून आलेला असे जोडीदार वेगळे होतात, म्हणून ४६ चे २३ तिथेच झाले, दुसऱ्या फेरीत नुसते क्रोमॅटिड सुटतात. बरीच पोरं अर्धं होणं दुसऱ्या फेरीवर ढकलतात अन् मार्क घालवतात.

आपल्या संत्र्यात १८ असतात, म्हणजे परागात ९. आता ३६ वाल्या झाडाचा १८ वाल्याशी संकर केला तर ३६ चे अर्धे १८ अधिक १८ चे अर्धे ९, झाले २७. तीन-तीनच्या संचात नीट जोड्या लागत नाहीत, मियोसिस गडबडतं, अन् फळात बिया जवळपास नसतात. सीडलेस टरबूजही असंच, २२ अन् ४४ वरून ३३.

अन् हो, माणसात ४६ असतात हे पक्कं ठरलं १९५६ मध्ये, त्याआधी कित्येक वर्षं सगळे ४८ च धरून चालले होते!