‘नेफेश’ शोधताना

‘हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर.’ बायबलमधल्या स्तोत्र १०३ ची ही पहिली ओळ आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत लहान पोरांनाही पाठ असते. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शास्त्रपाठात हे स्तोत्र माझ्या वाट्याला आलं. तयारीला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. इथे जो ‘जीव’ आहे, त्यालाच आपण बोलताना सर्रास ‘आत्मा’ म्हणतो. आत्मा म्हटलं की देह सोडून जाणारं, देहाहून निराळं असं काहीतरी मनात येतं. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या दावीदच्या मनात ते होतं का? मूळ हिब्रू पाहायचं ठरवलं.

शब्द आहे नेफेश. मला हिब्रूचा गंध नव्हता, तेव्हा आधी बावीस अक्षरं गिरवली. नून, पे, शीन, उजवीकडून डावीकडे. अक्षरांच्या खाली-वर दिसणाऱ्या स्वरांच्या खुणा फार नंतरच्या, हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या यहुदी मसोरेती पंडितांनी घातलेल्या. धीर सुटायला लागला की पंडिता रमाबाईंची आठवण काढायची. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ते काम पुरं करूनच १९२२ मध्ये डोळे मिटले. मला तर एकच शब्द समजून घ्यायचा होता.

जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या बायबलच्या शब्दसूचीत प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक दिलेला आहे. नेफेशचा क्रमांक ५३१५. तो धरून गेलं की जुन्या करारात हा शब्द कुठे कुठे आलाय ते सापडतं. अशा जागा साडेसातशेच्या आसपास आहेत. कोश मी मुद्दाम मिटूनच ठेवला आणि वचनं वाचत गेले. जो हे करू पाहील त्याला मी हाच क्रम सांगेन.

पहिल्यांदा हाती लागला तो चक्क घसा. स्तोत्र ६९ मध्ये बुडणारा माणूस हाक मारतो, पाणी नेफेशपर्यंत आलंय. माशाच्या पोटात योनाही तेच म्हणतो. यशयाच्या पुस्तकात ५:१४ मध्ये, म्हणजे पाचव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, अधोलोक आपला नेफेश रुंद करतो आणि लगेच पुढच्या ओळीत तोंड पसरतो. हिब्रू कवितेत एकच गोष्ट जोडओळींत दोनदा सांगायची रीत आहे. त्यामुळे अवघड शब्दाचा अर्थ पुष्कळदा शेजारच्या ओळीतच मिळतो. मग कोश उघडला. उगारिती आणि अक्कादी या हिब्रूच्या भाऊबंद भाषांतही हा शब्द घशासाठी वापरलेला आहे.

घसा धरून वाचलं की पुढचं उलगडत जातं. घशातून श्वास जातो, पाणी जातं, घास जातो. म्हणून नेफेश म्हणजे तहान, भूक, हाव, आणि शेवटी प्राणही. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात लोक रानात मिसरातले (इजिप्तमधले) मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवून रडतात आणि म्हणतात, आमचा नेफेश सुकून गेला. उत्पत्ती ४६ मध्ये याकोबाच्या घरची माणसं मोजली आहेत ती नेफेश म्हणूनच, सत्तर. आणि १ शमुवेल १८:१ मध्ये योनाथानाचा नेफेश दावीदच्या नेफेशाशी बांधला जातो. आपण म्हणतो जीव जडला! इथे मला आपल्या भाषेचा फार अभिमान वाटला. जीव कासावीस होतो, जिवावर बेततं, जीव लावतो, घरात चार जीव असतात. हे सगळं एकाच शब्दात मावतं.

तरी एका जागी ‘जीव’ही कमी पडतो. लेवीय २१:१ मध्ये याजकाने, म्हणजे पुरोहिताने, नेफेशाने विटाळू नये असं आहे, आणि तिथे नेफेश म्हणजे प्रेत. आपल्याकडे जीव गेल्यावर जे उरतं त्याला कुणी जीव म्हणत नाही.

सर्वांत जास्त रेंगाळले ती १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात. हन्नाला मूल नाही. सवत टोचून बोलते, ती रडते, जेवत नाही. दहाव्या वचनात तिचा नेफेश कडू झालाय. शिलोच्या मंदिरात तिचे ओठ हलतात पण आवाज ऐकू येत नाही. याजक एलीला वाटतं, बाई प्यायलेली आहे. ती म्हणते, मी द्राक्षारस प्याले नाही, परमेश्वरापुढे माझा नेफेश ओतला. हे सगळं घशाशी ठेवून वाचून पाहा. घास उतरत नाही तो घसा, आवाज फुटत नाही तो घसा, कडू झालेला घसा. अठराव्या वचनात ती जाऊन जेवते. लिहिणाऱ्याने हे धागे जाणून गुंफले आहेत याबद्दल मला शंका नाही.

शास्त्रपाठाला आलेल्या काकूमंडळींचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता. ‘ताई, मग जनावराला आत्मा असतो का?’ एकीची म्हातारी गाय नुकतीच गेली होती. मी उत्पत्ती काढलं. २:७ मध्ये देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस ‘नेफेश हय्या’, म्हणजे जिवंत नेफेश, होतो. त्याला नेफेश दिला असं वचन म्हणत नाही, तो नेफेश झाला असं म्हणतं. पाण्यातल्या जीवजंतूंसाठी १:२० मध्ये हेच दोन शब्द आहेत. इंग्रजीच्या १६११ च्या भाषांतराने माणसाला ‘लिव्हिंग सोल’ केलं आणि जनावरांना ‘लिव्हिंग क्रीचर’, म्हणून वाचणाऱ्याला हा सारखेपणा दिसतच नाही. गायीचं पुढे काय होतं हे या शब्दावरून सांगता येणार नाही, तेही मी काकूंना स्पष्ट सांगितलं. मातीची आणि श्वासाची ती आपल्याइतकीच, एवढं मात्र वचनात आहे.

शेवटी जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं ६:५ घेतलं, ‘पूर्ण जिवाने’ देवावर प्रीती करा. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात याचा अर्थ दिलाय, त्याने तुझा नेफेश घेतला तरीही. दुसऱ्या शतकात रोमी लोक लोखंडी फण्यांनी यहुदी धर्मगुरू रब्बी अकिवांचं अंग ओरबाडत असताना ते हेच वचन म्हणत होते, आणि हा शब्द खरा करण्याची संधी कधी येईल याची आपण जन्मभर वाट पाहिली असं त्यांनी शिष्यांना सांगितलं, अशी कथा मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदात आहे. ती सांगितल्यावर त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही. स्तोत्र १०३ ची उरलेली वचनं पुढच्या शास्त्रपाठात घेतली.