घाटातलं पहारीचं भोक

मी रेल्वेत ट्रॅकच्या कामाला आहे, खंडाळ्याच्या घाटात. मे महिन्यातली गोष्ट. पावसाळ्याआधी आम्ही कड्यावरचे सैल दगड स्वतःच पाडून घेतो, नाहीतर जुलैत तेच गाडीवर येतात. मंकी हिलच्या खाली 2 तासांचा ब्लॉक घेतलेला, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद, वरच्या तारांची पॉवर बंद, आणि आमचा मुकादम कड्यावर दोराला लटकून पहार मारतोय. मी त्याला मामा म्हणतो, वयाने बराच मोठा आहे.

दगड कपाटाएवढा, तासभर जाम हलेना, मग अचानक सुटला आणि जिथे पडायला हवा होता तिथे न पडता खालच्या खडकावर आपटून उसळला तो थेट मधल्या लाईनवर. पोटात गोळाच आला. रूळ वाचला पण त्याखालचा एक आडवा स्लीपर फुटला होता. उरली 50 मिनिटं. घण, जॅक, वीसेक माणसं, कुणी एक शब्द जास्तीचा बोललं नाही, दगड फोडून बाजूला केला, स्लीपर बदलला, गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, मी दोनदा तपासला आणि ब्लॉक वेळेत सोडला.

मामा खाली आला, पाणी प्यायला आणि त्या दगडाच्या एका तुकड्याशी उकिडवा बसला. तुकड्याच्या अंगावर अर्धगोल सरळ खाच होती, वीतभर लांब. त्याने अंगठा आत ठेवला, बरोबर बसला. "साहेब, हे पहारीनं पाडलेलं भोक हाय. सुरुंगाचं."

या घाटातल्या रेल्वेचं काम 1856 ला सुरू झालं आणि 1863 ला पहिली गाडी वर चढली. जवळपास 25 किलोमीटर, 25 बोगदे, काही ठिकाणी 37 मीटरला 1 मीटर चढ, आणि 1861 मध्ये एकावेळी 42,000 माणसं कामावर. डायनामाइट तेव्हा निघालंच नव्हतं. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, भोक पडलं की दारू ठासायची, वात पेटवायची आणि लांब व्हायचं. कड्यावर उभं राहायला जागा नाही तिथे माणसं वरून दोराने सोडलेली. पटकीने किती गेली त्याची तर गणतीच नाही. हे सगळं मला ट्रेनिंगपासून माहीत होतं, पण ते भोक समोर बघितल्यावर मला खरंच गलबलून आलं, कारण दीडशेच्या वर वर्षं झाली तरी त्या कड्यावर आजही आम्ही माणूस दोरानेच सोडतो.

मामाने विचारलं, "त्यांचा दोर कशाचा असंल ओ?"

मी म्हणालो काथ्याचा किंवा तागाचा असेल. तो काही बोलला नाही. स्वतःचा दोर पूर्ण उलगडला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपत बसला. कर्जतकडून मागे इंजिनं लावलेली गाडी चढत आली, आम्ही सगळे कडेला झालो, मामाचा दोर अजून अर्धाच झाला होता.