व्हिंटेज फॅशन एक्स्पोला जाताय? कपडा आधी उलटा करून बघा

तर व्हिंटेज आणि रेट्रो कपड्यांच्या एक्स्पोला जाऊन आले, आणि आल्यापासून जो तो विचारतोय काय घेतलंस, कसं होतं, आम्ही गेलो तर चालेल का, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते. जा, नक्की जा. फक्त नेहमीच्या शॉपिंगला जातो तसं जाऊ नका, कारण इथे कपडा समोरून बघून फारसं काही कळत नाही, त्याची सगळी कुंडली आतल्या बाजूला असते.

आधी तयारीचं. अंगाला बसणारा पातळ टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालून जा, वरून काहीही चढवून बघता येतं. ट्रायल रूम म्हणजे एक पडदा आणि त्याच्यापुढे ही मोठी रांग, आणि बहुतेक जणी सरळ स्टॉलच्या कोपऱ्यात आरशासमोरच जॅकेट नि स्कर्ट ट्राय करत होत्या. चपला पटकन निघणाऱ्या घाला. लिपस्टिक आणि खड्यांच्या अंगठ्या घरी ठेवा, जुन्या जॉर्जेटमध्ये अंगठी अडकली की धागा ओढला गेलाच म्हणून समजा आणि मग विक्रेत्याचा चेहरा बघवत नाही. टेप, छोटा टॉर्च, रोख पैसे (आत नेटवर्कची बोंब होती, कार्डाची मशीन नुसती गोल गोल फिरत होती) आणि एक मोठी कापडी पिशवी, बस.

माझ्यासोबत मैत्रीण होती, ती शिवणकामातली, त्यामुळे माझी ट्रिप वसूल झाली. मी आपली रंग, प्रिंट बघून हरखत होते आणि ही बाई प्रत्येक ड्रेस हँगरवरून काढून सरळ उलटा करायची. पहिल्यांदा मलाच लाजल्यासारखं झालं, पण स्टॉलवाले उलट खूश होते, बघणाऱ्याला कळतंय म्हटल्यावर ते स्वतःहून आतल्या कपाटातला माल काढून दाखवायला लागले.

आत बघायचं म्हणजे काय, तर आधी चेन. 1960 च्या दशकात नायलॉनची चेन सगळीकडे यायला लागली, त्याआधीच्या ड्रेसला साधारण धातूची असते. आणि जागाही बघा, 30 आणि 40 च्या दशकातल्या ड्रेसची चेन किंवा हुक बहुतेक डाव्या कुशीला, पाठीवर मधोमध चेन रुळली ती त्यानंतर. आता यात गंमत अशी की चेन बदललेली असू शकते, त्यामुळे चेनच्या कडेचा दोरा आणि बाकी शिवणीचा दोरा एकाच रंगाचा, एकाच जाडीचा आहे का ते टॉर्च मारून बघायचं. एका ‘50 च्या दशकातल्या’ म्हणून लावलेल्या फ्रॉकमध्ये धातूची चेन अगदी झोकात होती, पण आत सगळ्या शिवणी फॅक्टरीच्या इंटरलॉकच्या आणि धुण्याच्या खुणांचं छापील लेबल. मैत्रीण म्हणाली, अगं जुन्या तयार कपड्यांत शिवणीच्या कडा बऱ्याचदा नागमोडी कातरीने कापून तशाच सोडलेल्या असतात, आणि आत माया, म्हणजे शिवणीच्या पलीकडचं जास्तीचं कापड, भरपूर असते, सैल करायची सोय म्हणून. हा फ्रॉक आतून अगदी कंजूस होता, अर्ध्या बोटाचीही माया नाही. ठेवून दिला.

लेबल हा दुसरा पुरावा. अमेरिकेत कपड्यावर धुण्याच्या सूचनांचं कायम टिकणारं लेबल सक्तीचं झालं 1972 पासून, त्यामुळे अमेरिकन ड्रेसच्या शिवणीत तसं लेबल मूळचंच शिवलेलं असेल तर तो 40 च्या दशकातला नक्की नाही. अमेरिकन बायकांच्या कपड्यांवर आय.एल.जी.डब्ल्यू.यू. या शिवण कामगारांच्या युनियनचं छोटं लेबल दिसतं, ती युनियन 1995 मध्ये दुसरीत विलीन झाली, म्हणजे कपडा त्याच्या अलीकडचा नाही. लोकरीच्या कपड्यावर वूलमार्कचं ते गुंडाळीसारखं चिन्ह असेल तर 1964 किंवा नंतरचा. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990 मधला, कारण त्याच्या आधी आणि नंतर तो देशच नव्हता. आणि ब्रिटिश कपड्यात सीसी 41 असा शिक्का दिसला तर थांबा, ते दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईच्या काळातले सरकारी नियमांनुसार कमी कापडात शिवलेले ‘युटिलिटी’ कपडे, ही योजना 1941 ते 1952 चालली. एक कोट बघितला त्यातला, त्यात एक चुणी जास्तीची नाही आणि तरी बसायला काय सुंदर! शेजारच्याच स्टॉलवर फ्रेंच डिझायनर डिओरच्या 1947 च्या ‘न्यू लूक’च्या धाटणीचा घेरदार स्कर्ट टांगला होता, कंबर मुठीत मावेल एवढी आणि खाली कापडच कापड. दोन्ही एकाच दशकातले, समोरासमोर बघितल्यावर कळतं की लोकांना तेव्हा त्या घेराची हाव का सुटली असेल आणि काही जण त्यावर एवढे का चिडले असतील.

जीन्सवाल्यांची वेगळीच दुनिया आहे, तिकडे माणसं भिंग घेऊन फिरतात. लिव्हाइसच्या लाल पट्टीवरचा ई मोठ्या लिपीतला (e नव्हे, E) असेल तर जीन्स साधारण 1971 च्या आधीची, एवढं लक्षात ठेवा, पण कंपनी हल्ली जुन्या डिझाइनच्या नव्या जीन्सवरही तोच मोठा ई लावते, त्यामुळे नुसत्या पट्टीवर भाळू नका. मला त्यात फार रस नाही, पुढे गेले.

मला वेड लावलं ते चौकोनी रंगांच्या ड्रेसच्या एका रांगेने. फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोरांने 1965 मध्ये माँद्रियान या चित्रकाराच्या रंगीत चौकोनांच्या चित्रांवरून जे ड्रेस केले त्यांच्या नकला तेव्हापासून आजपर्यंत निघतायत, आणि इथे एका स्टॉलवर तीनचार वेगवेगळ्या नकला एका दांडीला होत्या. मूळ ड्रेसमध्ये प्रिंट नाहीच, लोकरीच्या जर्सीचे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकमेकांना जोडलेत आणि छातीचा, कंबरेचा आकार द्यायला जे टक्स लागतात ते त्या काळ्या पट्ट्यांच्या जोडात लपवलेत, म्हणून तो समोरून एकदम सपाट दिसतो. नकला बघा, एकीत नुसतं छापलंय, त्यावर छातीचा टक आला तिथे काळी रेघ मोडून वाकडी झालीय. दुसरी मात्र जोडून केलेली, कुणीतरी जीव लावून, आतून एकेक जोड दाबून इस्त्री केलेला. किंमत अर्थातच दुसरीची जास्त आणि मला विचाराल तर ती वाजवी होती. नक्कल आहे म्हणून कमी लेखायचं कारण नाही, फक्त विकणाऱ्याने रिप्रो, म्हणजे जुन्याची नव्याने केलेली प्रत, आहे असं सांगायला हवं. स्पष्ट विचारा, मूळ की रिप्रो, कधीचं, आणि कशावरून म्हणताय. ‘कशावरून’ला नीट उत्तर देणाऱ्याकडूनच घ्या.

आता साइज. लेबलवरचा आकडा विसरा, अक्षरशः विसरा. अमेरिकेच्या 1958 च्या प्रमाण मापांत 8 नंबर म्हणजे छाती 31 इंच आणि कंबर साडेतेवीस, आजचा 8 त्यापेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे आपला नेहमीचा नंबर शोधत बसलात तर एक बाही पण चढणार नाही आणि उगाच वाईट वाटून घ्याल. घरूनच छाती, कंबर, नितंब, खांदा आणि मानेपासून कंबरेपर्यंतची लांबी मोजून फोनमध्ये लिहून न्या. शेवटचं माप सगळे विसरतात आणि नेमकं तेच नडतं, कंबरेची शिवण बरगड्यांवर येऊन बसते. ड्रेस टेबलावर सपाट ठेवून मोजा, दुप्पट करा, आणि आपल्या मापापेक्षा इंचदोन इंच जास्तच हवं, कारण लायक्रासारखा ताणणारा धागा निघाला 1958 मध्ये, त्याआधीच्या मागावर विणलेल्या कापडाला ताण म्हणून नाही. खाली बसलात की शिवण उसवते. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेला ड्रेस असेल तर त्याला थोडं अंग असतं, तो घालूनच बघायला लागतो.

काय घेऊ नये हे जास्त महत्त्वाचं. मोती-टिकल्यांनी भरलेले 1920 च्या दशकातले ड्रेस डोळे भरून बघा, पण घालून बघायचा हट्ट नको, तलम रेशमावर सगळं मण्यांचं वजन असतं. कुणी असा ड्रेस हँगरला टांगून विकत असेल तर मी तरी तिथून काही घेणार नाही, ते आडवेच ठेवायचे असतात. तसंच 1900 च्या आगेमागे रेशमाला वजन आणि सळसळ यावी म्हणून धातूचे क्षार पाजायचे, ते रेशीम आता उभं चिरत जातं. एका केपचं अस्तर वरून चकचकीत, टॉर्च मागून धरला तर घडीच्या रेषेवर बारीक बारीक भेगाच भेगा. याला रफू नाही, काही नाही, ते थांबवताच येत नाही. काखेतले डाग आणि तिथे विरलेलं कापड, कसरीने खाल्लेली लोकर, कडकड वाजणारं इलास्टिक, हे सगळं उजेडात धरून बघा. बटण तुटलंय, दुमड उसवलीय, एवढ्यावर मात्र खुशाल घ्या, आणि त्यावर भाव कमी करून मागा.

यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या टॉर्चने कापड चमकतं का बघणारे पण भेटले. चमकलं म्हणजे नवं असं सांगत होते, पण चमक आणणारी द्रव्यं साबणाच्या पावडरीतही असतात, जुना कपडा कुणी नंतर धुतला असेल तर तोही चमकणारच, त्यामुळे त्या खेळण्यावर खर्च करू नका.

दागिन्यांत बॅकेलाइटच्या बांगड्यांवर झुंबड होती. हे 1907 चं प्लास्टिक, अंगठ्याने घासून गरम केलं की फॉर्मलीनसारखा उग्र वास येतो. कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड, ते भसकन पेट घेतं, त्यामुळे गरम सुईने टोचून बघायचा जो जुना सल्ला देतात तो चुकूनही करू नका. आणि बिबट्याची फर, कासवाच्या कवचाची कंगवे-पिना, हस्तिदंत, यांना हातच लावू नका. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, 1975 पासून लागू असलेल्या साइटिस या आंतरराष्ट्रीय करारामुळे सीमेपलीकडे नेताना अडवतात, आणि देशोदेशीचे कायदे वेगळे ते आणखीनच.

वेळेचं म्हणाल तर दुर्मिळ काही हवं असेल तर दार उघडताच आत, घासाघीस करायची असेल तर शेवटचा तास, तेव्हा सगळ्यांना परत पॅकिंगचा कंटाळा आलेला असतो. एकाच स्टॉलवर दोनतीन वस्तू घेतल्या की भाव आपोआप खाली येतो. वस्तूला नावं ठेवून भाव पाडणारे बरेच दिसले, त्यांना कुणी दाद देत नव्हतं. फॅशन शो मी अर्ध्यात सोडला, मागे उभं राहून नुसती डोकी दिसतात. व्हिक्टरी रोल्सचा, म्हणजे 40 च्या दशकातल्या केस गुंडाळून वर बांधायच्या केशरचनेचा डेमो मात्र बघा, आणि रफूवाल्या बाईंच्या टेबलाशी तर तळ ठोका, त्या त्याच कापडाच्या आतल्या मायेतून एकेक धागा काढून भोक असं भरत होत्या की बोट फिरवूनही कळेना. तिथे खुर्च्या मोजक्याच, लवकर जाऊन धरा.

घरी आल्यावर लोकरीचं किंवा फरचं काही असेल तर थेट कपाटात ठेवू नका, त्यात कसर असली तर बाकीच्या कपड्यांचाही फडशा पाडेल. घट्ट बंद प्लास्टिक पिशवीत, हवा काढून, उणे 18 च्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कापडावर पाणी सुटतं. हे रेशीम, मणी किंवा सेल्युलॉइडची बटणं असलेल्या कपड्यांना करू नका. डांबराच्या गोळ्यांचा वास आयुष्यभर जात नाही, त्या नकोतच. विणलेले स्वेटर घडी करून ठेवा, टांगू नका. आणि फ्रीजरमधल्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘कार्डिगन’ असं लिहा, घरच्यांनी उघडली तर दोन आठवडे पहिल्यापासून मोजायला लागतात.