चाळीस घरांची ओळ

१९८६ साली मी नववीत होतो. शाळांत संगणक शिकवण्याच्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळेत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते. चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचं. एका मशीनवर आम्ही चौघं, तास पस्तीस मिनिटांचा. माझ्या हाती कीबोर्ड जेमतेम आठ मिनिटं यायचा. बाकीचा प्रोग्राम गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, गणिताच्या चौकटीच्या वहीत लिहायचो.

विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेची माहिती पडद्यावर दाखवायचं काम सरांनी मला दिलं. मशीनवर देवनागरी नव्हती, म्हणून मराठी मजकूर रोमन अक्षरांत. तीन-चार ओळींचा मजकूर मी एकाच ‘प्रिंट’पुढे (पडद्यावर छापायची आज्ञा) अवतरणात टाकला. मोड ७ मध्ये, म्हणजे पडद्याच्या त्या मांडणीत, एका ओळीत अक्षरांची ४० घरं, अशा २५ ओळी. चाळिसावं घर भरलं की पुढचं अक्षर खालच्या ओळीत. शब्द पुरा झाला की नाही, हे मशीन बघत नाही. ‘विद्यालय’ नेमका कडेला आला: ‘विद्या’ वर, ‘लय’ खाली.

मराठीच्या बाई मागे उभ्या होत्या. “अरे, विद्येचा लय केलास की!” म्हणाल्या. मला ते फार लागलं. फळ्यावर सुविचार लिहिताना शब्द तुटला, तर त्या अख्खी ओळ पुसायला लावत.

सर एवढंच म्हणाले, “शब्द सुटे कर.” मग प्रत्येक शब्द प्रोग्राममधल्या ‘डेटा’च्या ओळीत वेगळा लिहिला. तिथून एकेक ‘रीड’ने उचलायचा, छापायचा, मागे एक रिकामी जागा आणि शेवटी अर्धविराम, म्हणजे कर्सर त्याच ओळीत राहतो. (स्वल्पविराम दिला, तर शब्द दहा-दहा घरांच्या रकान्यांत उड्या मारत जातात.) छापण्याआधी ‘पॉस’ने कर्सर कितव्या घरात आहे ते बघायचं, ‘लेन’ने शब्दाची लांबी. बेरीज ४० च्या वर गेली, तर नुसता ‘प्रिंट’ देऊन आधी खाली उतरायचं.

शब्द तुटायचे थांबले. पण काही ओळी एक घर आत सरकून सुरू व्हायच्या. दोन दिवस वहीतल्या चौकटी मोजत बसलो, तेव्हा उमगलं. शब्द बरोबर चाळिसाव्या घरात संपला की कर्सर आपणहून खाली जातो आणि शब्दामागची रिकामी जागा नव्या ओळीच्या पहिल्या घरात पडते. ४० च्या जागी ३९ केलं. आता ती जागा वरच्या ओळीच्या शेवटच्या घरात बसली आणि पुढचा शब्द कडेला लागून आला. आयुष्यात पुढे बरंच कोड लिहिलं, पण त्या एका आकड्याइतका आनंद क्वचितच झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी बाई पुन्हा आल्या. ‘विद्यालय’ अख्खा, ओळीच्या सुरुवातीला. त्यांनी सगळा मजकूर शेवटपर्यंत वाचला आणि दुसऱ्या ओळीतलं माझं एक ऱ्हस्व-दीर्घ दाखवलं. रोमनमध्येसुद्धा!

तो प्रोग्राम साठवलेली कॅसेट आता नाही. चौकटीची वही आहे, लाल पेनाने ३९ ला गोल केलेली. शाळेच्या समारंभाला येताना घेऊन येतो.