वर चढायचं की वळसा घालायचा

इंग्लंडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमधली दोन दिवसांची माउंटन मॅरेथॉन, म्हणजे नकाशा बघत एकेक चेकपॉइंट गाठायची डोंगरातली शर्यत, दोघांची टीम, तंबू-स्टोव्ह सगळं पाठीवर आणि हातात १:४०,००० चा नकाशा. हा प्रकार ब्रिटनमध्ये १९६८ पासून चालू आहे. खरी मारामारी पायांची नसतेच, कुठून जायचं त्याची असते.

तिसरा चेकपॉइंट धारेपलीकडे. सरळ गेलं तर अडीच किमी पण वीस कंटूर (नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा) चढायच्या, म्हणजे दर रेषेला १५ मीटरप्रमाणे ३०० मीटर. वळसा घालून साडेचार किमी आणि चढ फक्त ६० मीटर. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा जुना हिशोब असा की १ मीटर चढ म्हणजे साधारण ८ मीटर सपाट, म्हणजे सरळ वाट ४.९ आणि वळसा जवळपास ५ किमी. बरोबरीच की! मी म्हटलं वळसाच घेऊ, चढ बघून पोटात गोळा आला होता खरं सांगायचं तर.

आणि तिथेच माती खाल्ली. नकाशावर ती बाजू छान मोकळी दिसत होती, प्रत्यक्षात गुडघाभर नेचं, खाली न दिसणारे सुटे दगड, आणि सगळं तिरक्या उतारावर, त्यामुळे डावा घोटा सतत मुडपलेला. आपल्याकडे कारवीत घुसल्यावर होतं ना, तसंच. पार्टनर मागून एकच वाक्य, "अरे, अजून किती?" मी अंगठा नकाशावरून उचललाच नाही, उचलला असता तर आपण कुठे आहोत तेही गेलं असतं.

पोचलो तर सरळ चढलेली जोडी निवांत चीज खात बसलेली.